प्लगइन आलं कुठून? प्लगइन मॅनेजरमध्ये उगम दाखवायचा असेल तर

"यादीत प्रत्येक प्लगइनपुढे ते कुठून आलं तेवढं दाखवा." प्लगइन म्हणजे ॲपला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, आणि प्लगइन मॅनेजर म्हणजे तो टाकणारा, अपडेट करणारा ॲपमधला भाग. मागणी ऐकायला एका कॉलमची वाटते. प्रत्यक्षात कोड उघडला की कळतं, ही माहिती कुणी साठवलेलीच नाही. जे साठवलंय ते प्लगइनने स्वतःबद्दल सांगितलेलं आहे, आणि बाकीचं मॅनेजर दर वेळी अंदाजाने ठरवतो. अशा कामातून मी गेलोय. एखाद्या ॲपचा प्लगइन मॅनेजर तुम्ही लिहीत असाल, किंवा एखाद्या मुक्त स्रोत प्रकल्पात हे काम नव्याने तुमच्या अंगावर आलं असेल, तर खालच्या क्रमाने गेलात की बराच घोळ टळेल. स्क्रीनचं काम मुद्दाम उशिरा ठेवलंय. बहुतेक जण सुरुवात तिथूनच करतात आणि मग खोटी लेबलं दाखवत बसतात.

सुरुवात करण्याआधी हाताशी काय हवं

- इन्स्टॉल झालेल्या प्लगइन्सची नोंद जिथे राहते ती फाइल किंवा डेटाबेस, आणि तिची रचना बदलण्याची मुभा. ही मुभा नसेल तर काम सुरूच करू नका.
- तुमच्या ताब्यातल्या दोन चाचणी रेपॉझिटरी (रेपॉझिटरी म्हणजे जिथून प्लगइन्स उतरवली जातात तो साठा). दोन्हींत एकाच आयडीचं प्लगइन ठेवा, एकीत व्हर्जन मुद्दाम वरचं.
- जुन्या व्हर्जनपासून वापरात असलेला एखादा प्रोफाइल फोल्डर. नव्या कोऱ्या इन्स्टॉलवर सगळं सुरळीत चालतं, गाडी अडते ती जुन्यांवर.
- डेव्हलपर नसलेली एक व्यक्ती, लेबलं वाचून दाखवायला.

१. आधी प्रश्न ठरवा

"कुठून आलं" या एका प्रश्नात चार प्रश्न दडलेले असतात. प्लगइन लिहिलं कुणी? ही फाइल डाउनलोड कुठून झाली? कोड कुठे वाचायला मिळेल? आणि पुढचं अपडेट कुठून येणार?

चौथा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. माझ्या मते मात्र वापरणाऱ्याच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. व्हीएस कोड या कोड एडिटरची एक्स्टेन्शन्स (म्हणजे तिथली प्लगइन्स) असोत की क्यूजीआयएस या नकाशांच्या ॲपची पायथन प्लगइन्स, ती ॲपला असलेल्याच अधिकारांनी चालतात. तुमच्या फाइल्स वाचणं, नेटवर्कवर काही पाठवणं, सगळं त्यांना जमतं. म्हणजे ज्याच्या हातात अपडेट, त्याच्या हातात उद्याचं मशीन. आज तपासलेला कोड स्वच्छ असला तरी उद्या काय येईल हे तो पाठवणारा ठरवतो.

ग्रेट सस्पेंडर हे क्रोमचं एक्स्टेन्शन याचं ठळक उदाहरण. २०२० मध्ये त्याची मालकी बदलली. नाव तेच, पत्ता तोच, आधीच्या वापरकर्त्यांच्या ब्राउझरमध्ये ते तसंच बसलेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते मालवेअर ठरवून काढून टाकलं. मधल्या काळात ज्यांनी कधीच काही नवं इन्स्टॉल केलं नव्हतं, त्यांच्याकडेही नव्या मालकाचा कोड पोचत होता.

तेव्हा चार प्रश्नांसाठी चार वेगळे रकाने ठेवा. "सोर्स" नावाच्या एकाच रकान्यात कधी लेखकाचं नाव, कधी गिटचा (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाचा) पत्ता, कधी रेपॉझिटरी असं कोंबलंत, तर पुढे ते वेगळं करता येत नाही.

२. आत येण्याच्या सगळ्या वाटा शोधा

कोडमध्ये "इन्स्टॉल" शोधून थांबू नका. प्लगइनच्या फोल्डरमध्ये लिहिणारी प्रत्येक जागा शोधा. साधारण या वाटा सापडतात: अधिकृत रेपॉझिटरी, वापरणाऱ्याने जोडलेली बाहेरची रेपॉझिटरी, डिस्कवरची झिप फाइल, ॲपसोबत आलेलं, ऑपरेटिंग सिस्टिमच्या पॅकेज मॅनेजरने टाकलेलं, ऑफिसातल्या ॲडमिनने आधीच ठेवलेलं, डेव्हलपरने स्वतःच्या फोल्डरकडे जोडलेली लिंक, दुसऱ्या मशीनवरून सिंक होऊन आलेलं. आणि जी हमखास राहून जाते ती वाट: एका प्लगइनला लागतं म्हणून मागच्या दाराने आलेलं दुसरं प्लगइन. या वाटेचा पुन्हा विषय निघेल.

३. नोंद इन्स्टॉलच्या क्षणीच करा

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. फाइल उतरवतानाच मॅनेजरला पक्कं माहीत असतं की ती कुठून येतेय. तो क्षण गेला की उरतो फक्त अंदाज.

अंदाजाने काय होतं ते डेबियन या लिनक्स सिस्टिमवर स्वतः बघता येतं. तिथला पॅकेज मॅनेजर ॲप्ट, त्याची "पॉलिसी" ही आज्ञा एखाद्या पॅकेजपुढे उपलब्ध व्हर्जन आणि ती देणारे स्रोत छान मांडून दाखवते. नेहमीच्या रेपॉझिटरीपुढे ५०० हा प्राधान्यक्रम दिसतो. पण इन्स्टॉल झालेलं पॅकेज कोणत्या रेपॉझिटरीतून उतरलं ही नोंद त्या उत्तरामागे नसते. सध्या जोडलेल्या स्रोतांपैकी कुणाकडे तेच व्हर्जन आहे, एवढं जुळवून ते दाखवलं जातं. रेपॉझिटरी यादीतून काढून टाका, याद्या ताज्या करा आणि पुन्हा विचारा: त्या पॅकेजपुढे फक्त मशीनवरची स्थितीची फाइल उरते, तिच्यापुढे १००. पॅकेज तिथेच आहे, आलं कुठून याचा पत्ता नाही. याउलट फ्लॅटपॅक (लिनक्सवर ॲप्स टाकायची आणखी एक व्यवस्था) प्रत्येक ॲपचा उगम सांभाळून ठेवतो आणि यादीत कॉलम म्हणून दाखवतो. कोडी या मीडिया प्लेअरच्या ॲड-ऑन (म्हणजे प्लगइन) डेटाबेसमध्येही इन्स्टॉलच्या टेबलात "ओरिजिन" असा रकाना आहे. तुम्हाला हवाय तो हा प्रकार.

प्रत्येक इन्स्टॉलसाठी इतकं साठवा: रेपॉझिटरीचा अंतर्गत आयडी (नाव नव्हे, नावं बदलतात), तिचा जोडलेला यूआरएल, फाइल प्रत्यक्ष जिथून उतरली तो अंतिम यूआरएल, व्हर्जन, फाइलचा एसएचए-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा, मजकूर बदलला की तो बदलतो), तारीख, प्रकाशकाचा आयडी, आणि कारण. कारण म्हणजे वापरणाऱ्याने स्वतः निवडलं, अवलंबित्व म्हणून (दुसऱ्या प्लगइनला लागतं म्हणून) आलं, की आपोआप अपडेट झालं. प्लगइन थेट गिटवरून येत असेल तर ब्रँचचं नाव साठवून भागत नाही, कारण ब्रँच पुढे सरकते, टॅगही हलवता येतो. कमिटचा, म्हणजे कोडमधल्या त्या नेमक्या बदलाच्या नोंदीचा, हॅश ठेवा.

प्लगइनच्या आतल्या मेटाडेटावर, म्हणजे त्याने स्वतःबद्दल दिलेल्या माहितीवर, उगमासाठी विसंबू नका. त्यात लेखक, संकेतस्थळ, कोडचा पत्ता असं सगळं असतं, पण ते लिहिणाऱ्याने स्वतः लिहिलेलं असतं. पाकिटावर "प्रेषक" म्हणून कुणाचंही नाव घालता येतं, शिक्का मात्र पोस्टाचा असतो. तुमच्या मॅनेजरने केलेली नोंद हा तो शिक्का. मेटाडेटातलं दाखवायचं तर "लेखकाने दिलेली माहिती" अशा मथळ्याखाली, वेगळं.

जुन्या इन्स्टॉल्सचं काय? त्यांची नोंद नाही, तर "नोंद नाही" असंच लिहा. टेबलात नवा रकाना घालताना त्याची डिफॉल्ट किंमत "अधिकृत" ठेवण्याचा मोह होतो, कारण बहुतेक प्लगइन्स खरोखर तिथूनच आलेली असतात. हा मोह टाळा. ज्या मोजक्यांसाठी ते खोटं ठरेल, नेमकी तीच ओळखण्यासाठी हे काम चाललंय. हॅश जुळवून जुन्यांचा उगम शोधता येईल असंही वाटेल, पण झिप उलगडल्यावर मूळ फाइलचा हॅश हाती राहत नाही, आणि पायथनची प्लगइन्स एकदा चालली की फोल्डरमध्ये कॅशच्या फाइल्स तयार होतात. एकेक फाइल तुलना केलीत तर काहींचं जमतं. जमलं तरी लेबल "अधिकृत प्रतीशी जुळतं" असं असावं. "तिथून आलं" हा वेगळा दावा आहे.

४. एक आयडी, दोन दावेदार

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

२०१८ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने कोडीबद्दल एक अहवाल प्रसिद्ध केला. अनेक ॲड-ऑन्सना लागणारं "सिंपलजेसन" नावाचं एक साधं मॉड्यूल होतं. इतर रेपॉझिटरींत त्याचं व्हर्जन ३.४.० होतं. एका बाहेरच्या रेपॉझिटरीने त्याच आयडीने ३.४.१ ठेवलं. कोडी अपडेट ओळखायचा तो व्हर्जनच्या आकड्यावरून, त्यामुळे ती रेपॉझिटरी जोडलेल्या आणि आपोआप अपडेट चालू असलेल्या मशीनवर ३.४.१ निमूटपणे जाऊन बसलं. गंमत म्हणजे त्या मॉड्यूलमध्ये स्वतःमध्ये वाईट असं काही नव्हतंच. बदल होता फक्त मेटाडेटात: आणखी एक मॉड्यूल लागतं अशी एक ओळ. ते दुसरं मॉड्यूल त्याच रेपॉझिटरीतून आलं आणि त्यातून वापरणाऱ्याच्या मशीनवर क्रिप्टोमायनर (दुसऱ्याच्या मशीनवर गुपचूप आभासी चलन कमावणारा प्रोग्राम) चालू झाला. म्हणजे मागच्या दाराची वाट दोनदा वापरली गेली, आणि यादी बघणाऱ्याला सगळी नावं ओळखीचीच दिसत होती.

२०२१ मध्ये पॅकेज मॅनेजरांच्या जगात "डिपेन्डन्सी कन्फ्यूजन" म्हणून जे गाजलं, त्याची जातकुळी हीच: कंपनीच्या खासगी पॅकेजच्या नावाचंच सार्वजनिक पॅकेज, वरच्या व्हर्जनचं. वरचा आकडा जिंकतो, उगम कुणी विचारत नाही.

दुष्ट हेतू नसतानाही हे होतं. वर्डप्रेसमध्ये कुणी स्वतःच्या साइटसाठी प्लगइन लिहायचा, आणि योगायोगाने अधिकृत डिरेक्टरीत त्याच नावाचं दुसरंच काही असायचं. अपडेट आलं की घरचं प्लगइन पुसून तिथे परकं बसायचं. म्हणून २०२१ च्या ५.८ व्हर्जनमध्ये प्लगइनच्या हेडरमध्ये "अपडेट यूआरआय" ही ओळ आली: माझं अपडेट इथूनच घ्यायचं, डिरेक्टरीतून नाही. कोडीनेही त्याच वर्षी आलेल्या १९ व्या व्हर्जनपासून अधिकृत ॲड-ऑन्सची अपडेट्स फक्त अधिकृत रेपॉझिटरींतून घ्यायची, हे डिफॉल्ट केलं.

तुमच्यासाठी नियम असा: प्लगइन ज्या रेपॉझिटरीतून आलं, अपडेट तिथूनच. दुसरीकडे वरचं व्हर्जन दिसलं तर ते दाखवायला हरकत नाही, पण आपोआप घ्यायचं नाही. वापरणाऱ्याने मुद्दाम उगम बदलला तर जुना उगम पुसू नका, इतिहासात ठेवा. हाच नियम अवलंबित्वालाही लावा. आणि झिपवरून टाकलेल्या प्लगइनला अधिकृत रेपॉझिटरीतलं अपडेट परस्पर चिकटवू नका. लोक झिप टाकतात ते बहुधा एखादी दुरुस्ती करून बघायला, आणि तुमचं अपडेट ती दुरुस्ती न सांगता उडवतं.

५. आता लेबलं

यादीत एक छोटी ओळ पुरे, बाकी तपशिलाच्या पानावर. मला चालून गेलेली लेबलं अशी:

- अधिकृत रेपॉझिटरी
- बाहेरची रेपॉझिटरी, आणि पुढे तिचं डोमेन
- फाइलवरून टाकलेलं, आणि तारीख
- ॲपसोबत आलेलं
- अमुक प्लगइनसाठी आलेलं, आणि रेपॉझिटरी
- उगमाची नोंद नाही

यात एक मेख आहे. रेपॉझिटरीचं नाव बहुधा रेपॉझिटरीच सांगते. उद्या कुणी आपल्या रेपॉझिटरीचं नाव "अधिकृत रेपॉझिटरी" ठेवलं आणि तुम्ही ते जसंच्या तसं छापलं, तर सगळी मेहनत पाण्यात. "अधिकृत" हा शब्द फक्त ॲपमध्ये पक्का बसवलेल्या आयडीवरून किंवा डिजिटल सहीच्या किल्लीवरून यायला हवा. बाहेरच्यांसाठी डोमेन दाखवा, त्यांनी दिलेलं नाव त्यानंतर आणि फिक्या अक्षरांत. लोगो यादीत नकोच.

डोमेन जागेत मावत नसेल तर ते मधून किंवा उजवीकडून कापू नका. लांबलचक पत्त्याच्या डावीकडे ओळखीचं नाव घालून खरं डोमेन उजवीकडे दडवणं ही जुनी युक्ती आहे. यूआरएलमधला मार्ग कापा, डोमेनचा शेवटचा भाग पूर्ण दिसू द्या. दिसायला सारखी पण वेगळ्या लिपीतली अक्षरं मिसळलेली असतील तर पत्ता प्युनिकोड रूपात (साध्या इंग्रजी अक्षरांत उलगडून) दाखवा.

हिरव्या खुणेचा मोह आवरा. लोक ती "सुरक्षित" अशी वाचतात, तुम्ही काहीही म्हणत असा. व्हीएस कोडच्या मार्केटप्लेसमधली निळी खूण घ्या. प्रकाशकाने स्वतःच्या डोमेनची मालकी सिद्ध केली आहे आणि तो किमान सहा महिने तिथे नीट वागला आहे, एवढंच ती सांगते. कोड कुणी वाचला आहे असं ती सांगत नाही. फ्लॅटहब या फ्लॅटपॅकच्या ॲप स्टोअरवरची खूण म्हणजे ॲप मूळ डेव्हलपरने किंवा त्याच्या संमतीने प्रसिद्ध केलं आहे. दोन्ही खुणा उपयोगी, अर्थ वेगवेगळे. खूण ठेवणार असाल तर अर्थ एका वाक्यात तिच्याशेजारीच लिहा. फक्त रंगावर भिस्त ठेवलीत तर रंगांधळ्यांना आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना काहीच कळणार नाही, तेव्हा शब्द हवेतच.

लेबलं लिहून झाली की त्या डेव्हलपर नसलेल्या व्यक्तीला स्क्रीन दाखवा आणि विचारा: "यातलं कोणतं उद्या बदलू शकतं, आणि कोण बदलेल?" उत्तर यादीवरून देता आलं तर लेबलं बरी जमली.

६. कधी बोलायचं, कधी गप्प बसायचं

इन्स्टॉलच्या आधी उगम दाखवा, बटणाजवळच, वेगळ्या टॅबमध्ये नव्हे. सोबत कोणती अवलंबित्वं कुठून येणार तेही. नवी रेपॉझिटरी पहिल्यांदा जोडताना थांबवून विचारा. व्हीएस कोडमध्ये २०२५ च्या सुरुवातीपासून नव्या प्रकाशकाचं एक्स्टेन्शन पहिल्यांदा टाकताना "या प्रकाशकावर विश्वास आहे का" असं विचारलं जातं, पुढे त्याच प्रकाशकासाठी नाही. हे प्रमाण योग्य वाटतं. प्रत्येक अपडेटला खिडकी उघडलीत तर लोक आठवड्याभरात न वाचता "ठीक आहे" दाबायला शिकतात.

खरी थांबवायची वेळ म्हणजे उगम किंवा प्रकाशक बदलतो ती. तिथे आपोआप अपडेट थांबलंच पाहिजे. मजकूर साधा ठेवा: "हे प्लगइन आतापर्यंत अधिकृत रेपॉझिटरीतून येत होतं. नवं व्हर्जन बाहेरच्या रेपॉझिटरीतून आहे. तिथून घ्यायचं?" खाली दोन बटणं: "आहे तेच ठेवा" आणि "नव्या ठिकाणाहून घ्या". "होय" आणि "नाही" अशी बटणं नकोत. घाईत प्रश्न कुणी वाचत नाही, बटण वाचतात.

७. मिरर आणि रीडायरेक्ट

मोठ्या रेपॉझिटरींच्या फाइल्स मिररवरून, म्हणजे त्याच फाइल्सच्या प्रती ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवरून, उतरतात; मागणी तिकडे वळवली जाते, तोच रीडायरेक्ट. अंतिम यूआरएल यादीत दाखवलात तर अधिकृत प्लगइनपुढे कुठल्याशा अनोळखी सर्व्हरचं नाव येतं आणि "हॅक झालं का?" अशा तक्रारींचा पाऊस पडतो. यादीत रेपॉझिटरी, मिरर तपशिलात. मिररवर विश्वास ठेवायची गरज पडू नये म्हणून यादीची फाइल सही केलेली आणि तिच्यात प्रत्येक प्लगइनचा हॅश असावा. जेन्किन्स या सॉफ्टवेअर बांधणीच्या साधनाच्या अपडेट सेंटरची यादी अशीच सही होऊन येते.

८. माहिती बाहेर काढता येऊ द्या, पण जपून

उगमानुसार गाळणी आणि "माहिती कॉपी करा" असं बटण द्या. बग कळवणाऱ्याने ते दाबून मजकूर चिकटवला की निम्मी चौकशी वाचते, कारण "अमुक प्लगइन चालत नाही" यातलं अमुक प्लगइन बरेचदा कुणीतरी बदलून दिलेली झिप असते. मात्र खासगी रेपॉझिटरींच्या यूआरएलमध्ये कधी कधी टोकन किंवा पासवर्ड असतो, आणि डिस्कवरच्या फाइलच्या मार्गात वापरणाऱ्याचं नाव. कॉपी करताना दोन्ही गाळा. लॉगमध्ये लिहितानाही.

९. सोडण्याआधी हे करून बघा

- दुसऱ्या चाचणी रेपॉझिटरीत त्याच आयडीचं वरचं व्हर्जन. आपोआप आलं तर चौथ्या पायरीवर परत.
- तेच, पण अवलंबित्व असलेल्या प्लगइनसाठी.
- झिप टाका, मग अधिकृत अपडेट येऊ द्या.
- इंटरनेट बंद करून यादी उघडा. लेबलं तशीच दिसली पाहिजेत. "नोंद नाही" झाली तर तुम्ही अजून अंदाजच दाखवताय.
- जुना प्रोफाइल नव्या व्हर्जनमध्ये, आणि नवा प्रोफाइल जुन्या व्हर्जनमध्ये. लोक मागेही जातात.
- रेपॉझिटरी काढून टाका.

शेवटच्या चाचणीत काय व्हावं यावर वाद होतात. रेपॉझिटरी काढली की तिची प्लगइन्सही काढावीत असं काहींना वाटतं, पण वापरणाऱ्याने तसं मागितलेलं नसतं. प्लगइन राहू द्या, उगमाचं लेबलही राहू द्या, पुढे "रेपॉझिटरी आता जोडलेली नाही, अपडेट येणार नाही" असं लिहा. तीच रेपॉझिटरी पुन्हा जोडली तर धागा पुन्हा जुळावा, पण फक्त आयडी आणि पत्ता दोन्ही जुळले तर. सोडून दिलेलं डोमेन दुसऱ्या कुणी विकत घेतलं असेल, तर पत्ता जुळूनही पलीकडे माणूस वेगळा असतो. म्हणून तुमची रेपॉझिटरी सही वापरत असेल तर किल्लीही जुळवून बघा. वापरत नसेल, तर तिला नवीनच समजा आणि पुन्हा विचारा.